टोंगळ्याच्या वर

माझ्या विहीणबाईंनी मला बोलावलंय, असं लेकीने फोनवर सांगितलं तेव्हा मी दोनदा विचारलं, "कुणी? कुणाला?" सायलीच्या लग्नाला सहा वर्षं झाली. एवढ्या काळात इंदूबाई आणि मी चार वेळा भेटलो असू, आणि त्यातही दोन वेळा आमच्या हातात आहेराची ताटं होती. त्या अंजनगाव सुर्जीच्या, मी पुण्याची. 'प्रवास नीट झाला ना' आणि 'अजून घ्या ना' यांच्या पुढे आमचं बोलणं कधी गेलं नव्हतं. सायली असते बंगळुरूला, तिचं बाळ जेमतेम दोन महिन्यांचं, त्यामुळे तिला हलता येत नव्हतं.

"आई, त्यांचा गुडघा अगदी गेलाय. येत्या सोमवारी अकोल्याला वाटी बदलायची ठरलीय," ती म्हणाली. "पण त्या अडून बसल्यात. म्हणतात, आधी ईनबाईले बोलवा, मग पाहू."

ईनबाई म्हणजे विहीणबाई, म्हणजे मी. मला का, हे सायलीला माहीत नव्हतं आणि मलाही. मी काही डॉक्टर नाही. बत्तीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली, एवढीच माझी विद्या. माझे स्वतःचे दोन्ही गुडघे मात्र जिना उतरताना कुरकुरतात, तेव्हा या विषयातली अनुभवी बाई म्हणून बोलावलं असेल, अशी मी समजूत करून घेतली. दोन गुडघेपट्टे आणि एक शेकायची पिशवी बॅगेत टाकून निघाले.

अंजनगाव, मंगळवार

अकोल्याला गजू गाडी घेऊन आला होता. गजू म्हणजे जावयाचा मोठा भाऊ, बी-बियाणांच्या दुकानाचा मालक. अकोट मागे पडलं तशी दोन्ही बाजूंना फुटलेली कपाशी दिसू लागली, मध्ये मध्ये पुरुषभर उंच तूर. आमच्याकडे शेत म्हटलं की बांध, ओढा, टेकडी असं काहीतरी आडवं येतं. इथे काळी जमीन सरळ आभाळापर्यंत जाते आणि नजर कुठे टेकवावी तेच कळत नाही.

"मावशी, आईचं मन वळवा," गजू म्हणाला. "दीड वर्ष झालं, पाय ओढून राहिली. मले पाहवत नाही आता."

इंदूबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. "आल्या? या. लय जाड झाल्या तुमी."

पुण्यात हेच 'तब्येत छान सुधारलीय हं' असं म्हटलं असतं. मी हसून माझ्या ठेवणीतल्या आवाजात विचारलं, "आपली प्रकृती कशी आहे?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "आपली म्हंजे कोनाची?"

"तुमची."

"माही व्हय? माहा टोंगया गेला."

मी टांगा ऐकलं. कुणाचा टांगा गेला आणि कुठे, या विचारात मी अंगणाकडे बघितलं, तर तिथे गजूची गाडी सोडून काहीच नव्हतं. गजूची बायको वैशाली पदर तोंडाला लावून हसली. "गुडघा म्हणतात आई. टोंगळा." इथे ळ चा य होतो हे मला तेव्हा कळलं. मग मी मनातल्या मनात लाल शाई काढून टोंगयाचा टोंगळा केला आणि तोच आत घेतला. ही माझी जुनी खोड. शब्द नीट केल्याशिवाय मला तो ऐकूच येत नाही.

जेवायला तुरीच्या हिरव्या दाण्यांची, म्हणजे इथल्या सोल्यांची, भाजी होती आणि ज्वारीची भाकरी. वैशालीने विचारलं, "वरणावर सांभार टाकू काय?" मी म्हटलं, नको, वरण आहेच की, वर आणखी सांबार कशाला. सगळ्यांच्या वरणावर कोथिंबीर पडली, माझं कोरडंच राहिलं. सांभार म्हणजे कोथिंबीर हे कळेपर्यंत माझं जेवण होऊन गेलं होतं.

अंजनगाव, बुधवार

सकाळपासून माणसं येत होती. इंदूबाईंचं ऑपरेशन सोमवारी, म्हणून प्रत्येकाला आपापलं मत त्याआधी देऊन टाकायचं होतं. पहिल्या गृहस्थांनी सगळा दोष पाण्यावर टाकला. हा पूर्णेकाठचा खारपाणपट्टा, जमिनीखालचं पाणी खारट, तेच पिऊन पिऊन हाडं गंजतात, असं त्यांचं म्हणणं. हाड गंजतं का, असं मी विचारलं तर म्हणाले, "लोखंड गंजते, त हाडाचं काय घेऊन बसल्या?" दुसरे पानपिंपरीचा, म्हणजे औषधी पिंपळीचा, मळा असलेले. त्यांच्या मते दुधात पिंपरी उकळून घेतली तर वात पळतो. मग शेजारच्या नसीमआपा आल्या. त्यांच्या दिराच्या गुडघ्यात डॉक्टरने सुईने 'ग्रीस' भरलं होतं. "छे महिने मस्त चले, फिर वैसेच," त्या म्हणाल्या आणि लगेच मराठीवर आल्या, "पन कोनाले काय लागू पडन, सांगता येत नाही बाई."

मी वहीत सगळं लिहून घेत होते. दुपारपर्यंत दुखण्याची सात कारणं जमली आणि उपाय अकरा. वजन उतरवा, पण चालू नका. चाला, पण वजन उतरेपर्यंत नको. गरम शेका. गरम अजिबात नको, बर्फ लावा. छापखान्यात असा मजकूर आला असता तर मी लेखकाला परत पाठवला असता. इथे लेखक दारातून एकामागून एक येत होते आणि प्रत्येकाला चहा द्यावा लागत होता.

एका बाईंनी रुईचं पान एरंडेल लावून तव्यावर गरम करून बांधायला सांगितलं. इंदूबाई नको म्हणाल्या. आणलेलं पान वाया कशाला घालवा, म्हणून मी ते माझ्याच गुडघ्यावर बांधून घेतलं. तासाभराने सोडलं तर गुडघ्यावर रुपयाएवढा फोड. "पुन्यातली चामडी पातय असते," इंदूबाई म्हणाल्या. वर त्यांनीच लोणी आणून लावलं.

संध्याकाळी मी म्हटलं, मी तुमच्या पायाला तेल लावून देते. त्या आधी संकोचल्या, मग आडव्या झाल्या. साडी बरोबर गुडघ्यापर्यंत, एक बोट वर नाही. मी चोळत होते आणि त्या "बरं वाटते" म्हणत होत्या. पण त्यांचा सूर माझ्या ओळखीचा होता. विहिणीने केलेली खीर बिघडली तरी आपण याच सुरात छान झालीय म्हणतो. माझा हात जरा वर सरकला की त्या साडी मुठीत घट्ट धरत.

"ईनबाई," त्या मध्येच म्हणाल्या, "एक सांगू काय?"

"आपण अगदी निःसंकोच सांगावं," मी म्हटलं.

त्या छताकडे बघत राहिल्या. "काही नाही. चहा घेता?"

असं दोन दिवसांत तीनदा झालं. तिन्ही वेळा मी नको असलेला चहा प्याले.

अकोला, गुरुवार

डॉक्टर पन्नाशीचे, शांत बोलणारे. त्यांच्या टेबलावर गुडघ्याचा प्लास्टिकचा सांगाडा होता, तो उघडून-मिटून ते समजावत होते. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत अस्तर असतं, वयाने ते झिजतं, मग हाडावर हाड घासतं. लोक ज्याला वाटी बदलणं म्हणतात त्यात खरं तर वाटीपेक्षा हे अस्तरच नवं बसवतात.

"कुठे दुखतं, आजी?" त्यांनी विचारलं.

इंदूबाईंनी गुडघ्यावर तळहात ठेवला. पुढचं सगळं गजूने सांगितलं. दीड वर्ष झालं, आधी डॉक्टरची गोळी, मग पट्टा, मग सुई. कशानेच फरक नाही. खाली बसता येत नाही, चालताना झोल जातो. डॉक्टरांनी त्यांना आडवं करून गुडघा वाकवला, तो चांगला वाकला. मग ते सबंध पाय फिरवायला गेले, तशा इंदूबाई साडी धरून उठूनच बसल्या. "बस झालं, बस झालं."

"आईले लाज वाटते," गजू म्हणाला. डॉक्टरांनी हात मागे घेतला.

फोटोत झीज स्पष्ट दिसत होती. मी चाचरत विचारलं, माझेही गुडघे दुखतात, माझा फोटो काढला तर?

"बहुतेक असाच दिसेल," ते हसले. "काही जणांचा फोटो वाईट असतो आणि ते मजेत चालतात. काहींचा चांगला असतो आणि पाऊल टाकवत नाही."

हे ऐकून माझा आणखी गोंधळ उडाला. फोटो जर असा बेभरवशाचा, तर ऑपरेशन कशाच्या भरवशावर? पण विचारायची छाती झाली नाही. मी कोण? मुलीच्या सासरची माणसं एवढी धावपळ करतायत. त्यात मी पुण्याहून येऊन मोडता घातला आणि माझं चुकलं, तर ते आयुष्यभर सायलीला ऐकावं लागणार. आणि मोडता घातला नाही आणि ऑपरेशन वाया गेलं, तर? परतीच्या वाटेवर मी खिडकीतून कपाशी बघत होते आणि मला एकही बोंड दिसत नव्हतं.

अमरावती, शनिवार

ऑपरेशनआधी अंबादेवीची ओटी भरायची, असं इंदूबाईंनी ठरवलं. आमच्याकडेही मोठ्या कामाआधी देवाला नारळ ठेवतात, पण देवघरातल्या देवाला. इथे त्यासाठी दोन तास गाडीत बसून जायचं होतं.

दर्शन झालं, ओटी भरली. बाहेर चपलांच्या स्टँडजवळ इंदूबाई पायरीवर टेकल्या. गजू गाडी आणायला गेला. त्यांच्या चपलेला टाचेमागून पट्टा होता आणि त्यांना काही केल्या तो लावता येईना. मी खाली वाकले. माझा गुडघा असा कडाडला की चपलांचा माणूस वळून बघायला लागला. आणि तिथे मला एक गोष्ट दिसली, जी चार दिवस माझ्या समोर होती.

माझा गुडघा वाकत नाही, म्हणून मी खाली बसू शकत नाही. त्यांनी मात्र पाय मागे ओढून पायरीला लावून घेतला होता, गुडघा पार घडी झाला होता, आणि चेहऱ्यावर आठीसुद्धा नव्हती. गुडघा बदलायची वेळ या बाईची आली होती, माझी नाही! मग अडतंय कुठे? मी पट्टा लावायला त्यांचं पाऊल धरून जरासं बाहेर वळवलं, तशी त्यांच्या तोंडून "व माय!" निघालं. त्यांचा हात झटकन गेला तो गुडघ्यावर नाही. मांडीच्या मुळाशी, जांघेत. आणि चपलांचा माणूस बघतोय हे लक्षात येताच तोच हात घसरत खाली आला आणि गुडघ्यावर बसला.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नजर वळवली.

गजू आल्यावर मी म्हटलं, मला गिला वडा खायचाय. अमरावतीचा गिला वडा म्हणजे डाळीचा वडा आंबटगोड दह्यात बुडवून वर तिखट चटणी. खरं तर मला तेव्हा काहीच खायचं नव्हतं, पण त्या दुकानात बायकांसाठी आत वेगळा बाक होता आणि गजू बाहेर उभा राहणार होता.

वडे आले. मी एकही घास न घेता म्हटलं, "इंदू, खरं सांग. तुला दुखतं कुठे?"

'तू' तोंडातून निघाल्यावर मीच दचकले. साठी उलटलेल्या विहिणीला अरेतुरे! पण त्यांचे डोळे एकदम भरून आले.

"आता कशी माणसावानी बोलली," त्या म्हणाल्या. "चार दिवस झाले, तू आपलं 'आपन आपन' करून राहिली. मले वाटे, कचेरीत आली मी. तिथं काय सांगू?"

मला इतकी लाज वाटली की मी वड्याकडेच बघत बसले.

"जांगेत दुखते," त्या अगदी हळू म्हणाल्या. "तिथून उतरते अन् टोंगयात येते. टोंगया बी दुखतेच, खोटं नाही बोलली मी. पन सुरू वरतून होते."

"मग डॉक्टरला का नाही सांगितलं?"

"डॉक्टर बाप्या मानूस हाय. बाजूले पोरगा उभा. टोंगयाच्या वरचं बाईनं मानसासमोर नाव घेऊ नाई, असं माही सासू म्हने. कंबर दुखो, मांडी दुखो, आमच्या घरच्या बाया सगयाले टोंगयाच म्हनत." त्यांनी पदराने डोळे पुसले. "सुनेले सांगाव त ते गजूले सांगन. सायलीले फोनवर कसं सांगाव? मंग मनलं, ईनबाई बरोबरीची हाय. तिले सांगीन."

म्हणजे मला बोलावलं ते एवढ्यासाठी. आणि मी चार दिवस प्रकृतीची चौकशी करत होते. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या आणि आपल्याच तोंडातला एक शब्द मध्ये आडवा पडलाय हे मला दिसलं नाही.

"गजूले सांगू नोको," त्यांनी माझा हात धरला. "शपथ हाय तुले."

"अगं, परवा गुडघा कापतील!"

"कापू दे. पन सांगू नोको."

रविवार मी कसा काढला ते माझं मला माहीत. शपथ मोडावी, तर पहिल्यांदाच विश्वासाने बोललेली बाई कायमची तुटणार. पाळावी, तर तिचा बरा असलेला सांधा जाणार आणि दुखणारा राहणार. आणि हे सगळं माझ्या अंदाजावर! चपलेचा पट्टा लावता लावता रोग ओळखणारी मी कोण? तीनदा गजूपर्यंत गेले, तीनदा काहीतरी भलतंच विचारून परत आले. शेवटच्या वेळी तर मी त्याला विचारलं, तुरीला खत कोणतं घालतात. त्याने अर्धा तास सांगितलं.

अकोला, सोमवार

भरती होण्याआधी डॉक्टर पुन्हा एकदा बघणार होते. गाडीत मी इंदूच्या शेजारी बसले आणि तिच्या कानात एवढंच म्हटलं, "मी नाही सांगणार. पण डॉक्टर विचारतील तेव्हा मी तिथेच असेन."

खोलीत आम्ही चौघे होतो. डॉक्टरांनी कागद चाळले आणि विचारायचं म्हणून विचारलं, "हं आजी, दुखणं आहे तिथेच ना?"

इंदूचा हात उठला आणि सवयीने गुडघ्याकडे निघाला. हात गुडघ्याच्या वर अधांतरी थांबला. तिने माझ्याकडे बघितलं, मग गजूकडे, मग भिंतीकडे तोंड फिरवलं.

"जांगेत," ती भिंतीला म्हणाली.

डॉक्टरांना ऐकू गेलं नाही. "कुठे?"

"जांगेत दुखते मनलं ना!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की बाहेरची नर्स आत डोकावली. "दीड वर्षापासून जांगेत दुखते! घ्या!"

गजूचं तोंड उघडंच राहिलं. डॉक्टर उठले, त्याला बाहेर थांबायला सांगितलं आणि नर्सला आत घेतलं. या वेळी इंदूने साडी नाही, माझं मनगट धरलं होतं. डॉक्टरांनी पाय उचलून हलकेच आत वळवला. तिची बोटं माझ्या हातात रुतली. "इथेच?" "हाव, तिथंच." मग खुब्याचा फोटो झाला. तो येईपर्यंत आम्ही बाकावर बसलो होतो आणि ती माझ्याशीही बोलत नव्हती. मला खात्री वाटायला लागली होती की फोटो चांगला येणार आणि मी तिची अब्रू फुकट घालवली.

डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला. मांडीच्या हाडाचं गोल डोकं जिथे बसतं तिथे दोन हाडांमध्ये दिसायला हवी ती फटच उरली नव्हती.

"वाटी राहू द्या," ते म्हणाले. "गोळा गेलाय. खुब्याचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं. गुरुवारीच मी पाय फिरवून बघायला हवा होता, माझंही चुकलं. गुडघ्याची झीज वयाची आहे, तो अजून चालेल. आजचं रद्द. खुब्याचं काय करायचं ते सगळ्या तपासण्या झाल्यावर ठरवू."

बाहेर गजू आईसमोर उभा राहिला. त्याला रागवायचं होतं. "आई, मले काहून नाही सांगतलं तू? मी तुहा पोरगा आहो ना?"

"म्हनूनच नाही सांगतलं, बाबू," ती म्हणाली.

तो तिथेच खाली बसला आणि तिच्या चपलेचा पट्टा लावायला लागला. त्याला वर बघवत नव्हतं.

मी पुण्याला परतल्यावर महिन्याभराने तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. आता ती काठी घेऊन अंगणात फिरते, असं वैशाली सांगते. माझी वही मी अजून जपून ठेवलीय, सात कारणं आणि अकरा उपाय. त्यांतलं कुठलं खरं, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. जांघ हा शब्द मात्र त्यात एकदाही नाही.

त्या सोमवारी निघताना गजू गाडी आणायला गेला, तेव्हा ती माझ्याकडे वळली. पुसलेले डोळे अजून लाल होते, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

"लग्नात तुह्या इवायाचं, माह्या घरधन्याचं, नाव घ्याले मले अर्धा घंटा लागला होता," ती म्हणाली. "ह्याचं घ्याले दीड वर्ष लागलं." मग तिने खाली बघितलं आणि आपल्या गुडघ्यावरून हलकेच हात फिरवला. "बिचाऱ्या टोंगयाले उगाच बदनाम केलं व मी."